खैरागडचे विद्यापीठ आणि वैनगंगेकाठचे विद्यार्थी

१४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. दसऱ्याचा दिवस, नागपूर, बाबासाहेब आणि लाखोंचा जनसमुदाय. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्यालाही (आजच्या चंद्रपूरला) धम्मदीक्षेचा सोहळा झाला, आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा इतिहास तिथून सांगायला सुरुवात होते. त्याच १४ तारखेला, नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गापासून थोडे आत असलेल्या खैरागड या जुन्या संस्थानी गावात आणखी एक उद्घाटन झाले. तिथल्या राजवाड्यात इंदिरा गांधींच्या हस्ते एक विद्यापीठ सुरू झाले. वकिली, डॉक्टरी, इंजिनियरिंग यांपैकी तिथे काहीच शिकवायचे नव्हते. गायन, वादन, नृत्य आणि चित्र-शिल्प एवढ्यासाठीच ते काढलेले होते.

या विद्यापीठाचे नाव इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. उद्घाटनाला इंदिरा गांधी आल्या म्हणून ते नाव पडले, असा समज अजून पुष्कळांचा आहे. तो खरा नाही. खैरागडचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची मुलगी इंदिरा लहान वयात गेली. तिच्या आठवणीसाठी राजा-राणींनी आधी संगीताची शाळा-महाविद्यालय चालवले आणि मग आपला कमलविलास महालच विद्यापीठाला देऊन टाकला. खैरागड संस्थान १९४८ च्या सुरुवातीलाच विलीन झाले होते. संस्थान गेल्यावर वाड्याचे काय करायचे, हा प्रश्न त्या काळी देशभरच्या राजेरजवाड्यांपुढे होता. कुणी हॉटेले काढली, कुणी भाऊबंदकीचे खटले लढवत बसले. खैरागडकरांनी वाड्यात तबला आणि घुंगरू आणले. राणी पद्मावती देवी पुढे मध्य प्रदेशाच्या मंत्रीही झाल्या.

या विद्यापीठाचा कायदा १९५६ चा, जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेने केलेला. त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि आपला चांदा जिल्हा त्याच राज्यात होता. म्हणजे खैरागडच्या संगीत महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा देणारा कायदा ज्या सभागृहात झाला, तिथे मूल-चामोर्शीकडच्या मतदारांनी निवडून दिलेली माणसेही बसत होती. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, खैरागड नव्या मध्य प्रदेशात राहिले. विद्यापीठ आणि आमच्या चामोर्शीकडचे मार्कंडा एका राज्यात होते ते उणेपुरे अठरा दिवस.

त्या अठरा दिवसांनंतर खैरागड आपल्या हिशेबातून गळाले. महाराष्ट्रातल्या शास्त्रीय नृत्याचा विषय निघाला की बोलणे पुणे-मुंबईकडे जाते, फार तर बडोद्यापर्यंत. पूर्व विदर्भाच्या वाट्याला त्यात रिकामी जागा येते. माझे म्हणणे असे, की ही जागा रिकामी नाही. आपल्याकडच्या नाचणाऱ्या मुलामुलींसाठी सर्वांत जवळचे नृत्यपीठ १९५६ पासून उघडे आहे. ते शेजारच्या राज्यात आहे, एवढीच त्याची चूक.

विद्यापीठात नाच शिकवायचा, ही कल्पना तेव्हा किती नवी होती, ते आज सहज लक्षात येत नाही. गाण्याचा रस्ता आधी तयार झाला होता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. फी भरा, वर्गात बसा, परीक्षा द्या, प्रमाणपत्र घ्या, ही पद्धत या दोन मराठी माणसांनी गाण्यात रुजवली. नाच मात्र मागे राहिला, कारण नाचाभोवतीचा कलंक गाण्यापेक्षा जुना आणि चिवट होता. नाचाला विद्यापीठाची पायरी चढता आली ती १९५० साली, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. तिथेही मुळात एक मराठी धागा होता. सयाजीराव गायकवाडांचे पहिले लग्न तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या मुलीशी झाले आणि तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व त्यांचे नृत्यगुरू, म्हणजे नट्टुवनार, बडोद्याच्या दरबारात आले. त्यांच्याच वंशातले कुबेरनाथ तंजावूरकर पुढे बडोदा विद्यापीठात भरतनाट्यम शिकवू लागले.

खैरागडला या दोन्ही प्रवाहांचा फायदा मिळाला. सुरुवातीच्या काळात विद्यापीठाचे कुलगुरूपद सांभाळले ते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. भातखंड्यांचे पट्टशिष्य, लखनौच्या महाविद्यालयाचे अनेक वर्षांचे प्राचार्य, ‘अण्णासाहेब’ म्हणून ओळखले जाणारे हे मुंबईचे मराठी गृहस्थ. लखनौसारख्या दरबारी शहरातून ते छत्तीसगडच्या एका लहान गावात आले, तिथे साधे हार्मोनियम दुरुस्त करायलाही माणूस शोधावा लागत असेल. पण अभ्यासक्रम कसा आखायचा, परीक्षा कशी घ्यायची, शास्त्र आणि प्रत्यक्ष यांची वाटणी कशी करायची, याचा त्यांच्याइतका अनुभव तेव्हा देशात फार थोड्यांकडे होता.

कथकच्या अभ्यासक्रमाच्या बाबतीत आणखी एक मराठी नाव घ्यावे लागते, ते रोहिणी भाटे यांचे. १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू करणाऱ्या, लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षे शिकलेल्या रोहिणीताईंनी खैरागड विद्यापीठासाठी कथकचा अभ्यासक्रम तयार करून दिला, आणि नंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासाठीही. ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले. म्हणजे पुण्यातल्या विद्यापीठीय कथकच्या आणि खैरागडच्या कथकच्या मागे एकच डोके आहे. त्यांचे ‘माझी नृत्यसाधना’ हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे, की या बाईंना नाचाइतकेच नाचाविषयी विचार करण्याचे वेड होते. अशा माणसाने आखलेला अभ्यासक्रम हातात पडणे हे विद्यार्थ्याचे नशीबच म्हणायचे.

खैरागडमध्ये कथक, भरतनाट्यम आणि ओडिसी या शैली शिकवल्या जातात, आणि लोकसंगीताचा वेगळा विभागही आहे. पदविका, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा पायऱ्या आहेत. विद्यापीठाच्या परीक्षा एका गावापुरत्या राहिल्या नाहीत, ठिकठिकाणच्या संगीत-नृत्य महाविद्यालयांना त्याची संलग्नता मिळत गेली. आमच्याकडे मात्र अजूनही ‘डिप्लोमा’ म्हटले की आयटीआय किंवा पॉलिटेक्निक डोळ्यांसमोर येते. नाचाच्या डिप्लोम्यात करायचे तरी काय असते, असे विचारणारे पालक हमखास भेटतात. तर थोडे आतले सांगतो.

कथकच्या परीक्षेचे दोन भाग, शास्त्र आणि प्रात्यक्षिक. शास्त्राच्या पेपरात लेखी उत्तरे असतात, पण सगळ्यात जास्त घाम फुटतो तो ताललिपीत. तीनतालाच्या सोळा मात्रा आडव्या मांडायच्या, चार विभाग पाडायचे, समेखाली फुली, खालीखाली शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे, आणि वर तोड्याचे बोल मात्रेला मात्रा लावून लिहायचे. त्यात दुगुन लिहायला सांगितली की एका मात्रेच्या घरात दोन बोल बसवायचे, चौगुन असेल तर चार. नाचताना पायाला जे आपोआप कळते ते कागदावर उतरवताना भलेभले अडखळतात. तिहाईचा हिशेब तर सरळ गणिताचा. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम, पुन्हा तुकडा, पुन्हा दम, पुन्हा तुकडा. बेरीज सतरा. समेवरून उठलेली तिहाई बरोबर पुढच्या समेवर येते. तोंडी हे कळले नाही तर परीक्षक लिहून दाखवायला लावतात, आणि लिहूनही कळले नाही तर तबलजीच्या चेहऱ्यावर कळते.

प्रात्यक्षिकाला हार्मोनियमवर किंवा सारंगीवर नगमा सुरू होतो. विद्यार्थिनी आधी हाताने ताल धरून पढंत करते, मग तेच पायांनी काढून दाखवते. थाट, आमद, तोडे, परण, तत्कार, गतभाव. परीक्षक मध्येच थांबवून ‘हाच तुकडा आता नवव्या मात्रेपासून उचला’ म्हणू शकतात. भरतनाट्यमवाल्यांचा क्रम वेगळा: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना. त्यांना ‘अभिनयदर्पणा’तले अठ्ठावीस असंयुत हस्त विनियोगासह पाठ हवेत. पताक हस्त म्हटला की तो कुठे कुठे वापरतात ते एका दमात सांगता आले पाहिजे. ज्या मुलीने शाळेत कधी संस्कृत घेतलेले नसते, तीही दोन वर्षांत ते श्लोक धडाधड म्हणू लागते.

भरतनाट्यमचा हा क्रम बसवला तो तंजावरच्या चार भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी, एकोणिसाव्या शतकात. त्यांचा आश्रयदाता दुसरा सरफोजी हा मराठा राजा. सरफोजींनी स्वतः मराठीत नृत्यप्रबंध रचले. ते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पडून होते. आचार्य पार्वतीकुमार यांनी ते शोधून रंगमंचावर आणले आणि सुचेता भिडे-चापेकर यांनी ते नाचून दाखवले. तेव्हा भरतनाट्यम म्हणजे मद्राशी प्रकार, आपला त्याच्याशी संबंध काय, असे म्हणणाऱ्याला एवढी एक गोष्ट सांगितली तरी पुरते.

विद्यापीठीय नृत्यशिक्षणावर टीका नवी नाही आणि ती बरीचशी खरी आहे. गुरूच्या घरी राहून बारा वर्षे शिकण्यात जे मुरते, ते ठरावीक तासिकांत मुरत नाही. परीक्षेपुरते पाच तोडे बसवायचे, निकाल लागला की विसरायचे, असे करणारेही आहेत. प्रमाणपत्र मिळाले म्हणून नाच आला असे होत नाही, हे कुठलाही शिक्षक सांगेल. पण या टीकेत एक गोष्ट नेहमी राहून जाते. गुरूच्या घराचे दार सगळ्यांना उघडे नव्हते. घराणे, जात, पैसा, ओळख, शहर, यांपैकी काहीतरी लागायचेच. विद्यापीठात शिरायला घराणे किंवा ओळख लागत नाही. बारावीची गुणपत्रिका, प्रवेशावेळची चाचणी आणि फी एवढ्यावर आत जाता येते. आणि घरच्यांच्या दृष्टीने तर ‘पोरगी नाचायला जाते’ आणि ‘पोरगी विद्यापीठात शिकते’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आमच्या गावांत या दुसऱ्या वाक्याने किती मुलींचे घुंगरू वाचले, हे त्या मुलींनाच विचारावे.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, नाचाचे वावडे मुळीच नाही. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या मंडळांची नाटके सुरू होतात. शंकरपटाच्या निमित्ताने रात्ररात्र प्रयोग चालतात, आणि लावणीला शिट्ट्या पडल्या नाहीत असे गाव दाखवावे. दंडार आणि खडी गंमत या लोककलांची परंपरा त्याहून जुनी. गोंड-माडिया गावांत रेला नाचायला कुणाला डिप्लोमा लागत नाही, साऱ्या गावाला तो येतोच. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांची मान उंच झाली. अडचण नाचाची कधीच नव्हती. पायात ताल असलेली पोरे गावोगाव आहेत. त्या तालाला शास्त्र, लिपी आणि नोकरीच्या कामी येणारा कागद कुठे मिळतो, हे सांगणारे कुणी नव्हते.

नाच शिकणाऱ्याने पाहावे असे एक ठिकाणही आपल्याकडेच आहे, ते म्हणजे मार्कंडा. चामोर्शी तालुक्यातले हे देऊळगाव महाशिवरात्रीच्या जत्रेसाठी सगळ्यांना ठाऊक आहे. दक्षिणेकडे वाहत आलेली वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते, म्हणून इथल्या स्नानाचे महत्त्व. मंदिरे साधारण दहाव्या ते बाराव्या शतकातली मानली जातात. १८७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आला आणि त्याला खजुराहोची आठवण झाली. ‘विदर्भाचे खजुराहो’ असे बिरुदही मार्कंड्याला आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराचा भाग कोसळला. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्याचे दगड उतरवून पुन्हा बसवण्याचे काम हाती घेतले.

जत्रेत देवाला हात जोडून माणसे परत फिरतात, भिंतींकडे कुणी फारसे पाहत नाही. नाचाच्या विद्यार्थ्याने उलट करावे. मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या ओळी आहेत, त्यांतल्या सुरसुंदरींपुढे निवांत उभे राहावे. शरीराचा भार एका पायावर, कंबर एका बाजूला, खांदे दुसऱ्या बाजूला, मान पुन्हा पहिल्या बाजूला. वर्गात त्रिभंग म्हणून शिकवतात तो हाच. वर्गात तो आरशात पाहून करायचा असतो, इथे तो दगडात हजार वर्षे तसाच धरलेला आहे. दोन मूर्तींच्या मधल्या व्यालांनी आणि हत्तींनी जागा कशी तोडली आहे, तेही पाहण्यासारखे. नाचात दोन हालचालींच्या मधल्या थांब्याला जे महत्त्व असते, त्याची कल्पना इथे येते. मात्र मार्कंड्याच्या मूर्ती म्हणजे भरतनाट्यम, असे उत्साहाच्या भरात कुणी लिहू नये. आजच्या शैलींचा साचा पुष्कळ नंतरचा आहे. शिल्पे आणि नाच यांचा समान आधार म्हणजे नाट्यशास्त्र आणि त्यातली एकशे आठ करणे. चिदंबरमच्या गोपुरांवर ती श्लोकांसह कोरलेली आहेत, पद्मा सुब्रह्मण्यम यांनी त्यांवर आयुष्य घातले. मार्कंड्याच्या भिंतींना असा अभ्यासक अजून मिळायचा आहे, आणि तो वैनगंगेकाठचाच असावा अशी माझी इच्छा आहे.

खैरागडला जायचे कसे, हे विचारणारे बरेच असतात. गडचिरोली जिल्ह्यातले रेल्वे स्टेशन म्हणजे वडसा. तिथून गोंदिया, गोंदियाहून हावड्याच्या मार्गावर डोंगरगड किंवा राजनांदगाव, आणि मग रस्त्याने साधारण चाळीस किलोमीटर. नवरात्रात डोंगरगडच्या बमलेश्वरीला जाणारी आमच्याकडची माणसे खैरागडच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येत असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसते. शिक्षणाचे माध्यम हिंदी. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. लिपी तीच, आणि आपल्या भागातल्या माणसाला हिंदी शिकवावी लागत नाही, उलट त्यातली मराठी काढायलाच वेळ लागतो.

विद्यापीठाच्या पुढच्या वाटचालीचे टप्पे थोडक्यात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि विद्यापीठ त्या राज्यात गेले. २०२२ साली खैरागड-छुईखदान-गंडई हा स्वतंत्र जिल्हा झाला. कथकच्या अभ्यासक डॉ. मांडवी सिंह इथे कुलगुरू झाल्या, आणि त्यांच्यानंतर २०२० साली छत्तीसगडी लोकगीतांच्या गायिका, पद्मश्री मोक्षदा (ममता) चंद्राकर. शास्त्रीय नर्तकीनंतर लोकगायिका कुलगुरूच्या खुर्चीवर बसली, हे आपल्याकडच्या विद्यापीठांनी जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे.

इकडे आपल्या बाजूलाही बदल झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ते नागपूर विद्यापीठातून निघाले, आणि खैरागडचा कायदाही नागपुरातच झाला होता. म्हणजे दोघांची सोयरीक जुळवायला फार लांब जायला नको. नृत्यशिक्षणाचे म्हणाल, तर मुंबईला कनक रेळे यांनी नालंदा ही नृत्यसंस्था उभी केली, पुण्याला ललित कला केंद्र आहे. दोन्ही उत्तमच. पण चामोर्शीच्या शेतकऱ्याला मुलीला पुण्या-मुंबईत ठेवण्याचा खर्च झेपत नाही, हे लक्षात घेऊन बोलावे.

म्हणून दोन मागण्या मांडतो. पहिली दोन्ही विद्यापीठांकडे. खैरागडच्या नृत्य विभागाच्या विद्यार्थ्यांची दरवर्षी एक अभ्याससहल मार्कंड्याला यावी, आणि गोंडवाना विद्यापीठाने इथल्या मंदिरांच्या शिल्पांची रेखाटने आणि छायाचित्रे नृत्याच्या विद्यार्थ्यांना वापरता येतील अशी तयार करून द्यावीत. रेला, दंडार आणि कथक यांच्या शिक्षकांना एका मांडवात बसवले तर सगळ्यांनाच एकमेकांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दुसरी मागणी पालकांकडे. ज्यांच्या घरी पायात ताल असलेले मूल आहे, त्यांनी बारावीच्या निकालाची वाट पाहत बसू नये. उन्हाळ्यातच खैरागडच्या प्रवेशाच्या तारखा, फी आणि वसतिगृह यांची चौकशी करावी, जातीचे व उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवावेत, आणि शक्य झाल्यास मुलाला किंवा मुलीला घेऊन एकदा विद्यापीठ पाहून यावे. डोंगरगडला जाणारच असाल, तर एक दिवस जास्तीचा काढा.